पोटातली पशुगणना: एका ‘गट टेस्ट’ (आतड्याच्या तपासणीच्या) किटचा अनुभव

बत्तीस वर्षं मी नाशिक जिल्ह्यात जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो. (एका सत्काराच्या पत्रिकेत ‘सरकारी जनावरांचे डॉक्टर’ असं छापून आलं होतं, ते वेगळं.) पेठ, येवला, निफाड आणि शेवटी सिन्नर. या काळात शेण किती पाहिलं, हुंगलं, बोटांत चोळून बघितलं याची गणती नाही. वासराला हगवण लागली की आधी शेण बघायचं, मग वासरू. पण स्वतःचा माल डबीत भरून, बारकोड चिकटवून कुरिअरने बंगळुरूला धाडायची पाळी सहासष्टाव्या वर्षी आली, ती लेकीमुळे.

लेक पुण्याला असते. लग्नाच्या वाढदिवसाला तिने आम्हा दोघांसाठी आतड्यातल्या जिवाणूंच्या तपासणीची दोन किटं पाठवली आणि माझ्यासाठी वर लाळेवरून जनुकांची तपासणी. सगळं मिळून किती झाले ते सांगत नाही, पण वेबसाइटवर बघितलं तर सवलत धरून तेरा-चौदा हजारांच्या घरात जातंय. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला भांडायचं नाही, काय मिळालं आणि काय नाही तेवढं सांगायचंय.

आधी चांगलं. खोका नीटनेटका होता. झाकणालाच बारका चमचा असलेली नळी, आत नमुना टिकवायचं पाणी, हातमोजे, दोन पिशव्या, चित्रांचा कागद. सोबत एक कागदी झोळी, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी, कमोडच्या सीटवर ताणून लावायची. आमच्या इंदिरानगरच्या घरात १९९४ पासून उकिडवं बसायचा संडास आहे. झोळी लावायची कशाला? चित्रांच्या कागदावर त्याचं उत्तर नाही. शेवटी जुना पेपर अंथरला आणि काम भागवलं. माळ्यावर खांद्यापर्यंतचे हातमोजे अजून पडलेत, गाभण तपासायचे. त्यांची आठवण आली, गरज पडली नाही.

सौ.ने तिचं किट उघडलंसुद्धा नाही. “मला नाही कुणाला काही पाठवायचं,” म्हणाली आणि विषय संपवला. आता किट वाया घालवायचं कसं? दूध संघात फॅटवरून भांडण झालं की आम्ही एकाच कॅनमधून दोन नमुने काढून दोन नावांनी पाठवायचो, ती खोड जागी झाली. एकाच दिवशीचा, एकाच ठिकाणचा माल दोन नळ्यांत भरला. एक माझ्या नावाने, एक तिच्या. प्रश्नावली तिच्या नावाची तिलाच विचारून भरली, म्हणजे तेवढं तरी खरं.

कुरिअरवाला दोनदा येतो म्हणून आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, भर मे महिन्यात दुपारी दोनला. “काका, आत काय आहे?” “सॅम्पल.” “पाण्याचं का?” मी हो म्हणालो. त्याने खोका मोटारसायकलच्या काळ्या डिकीत टाकला आणि गेला. नळीवर ‘साध्या तापमानाला टिकते’ असं लिहिलंय. साधं म्हणजे बंगळुरूचं की नाशिकच्या मे महिन्यातलं, ते लिहिलेलं नाही.

एकवीस दिवस सांगितले होते, चोवीस लागले. ठीक आहे. अहवाल चौतीस पानांचा, सगळा इंग्रजीत, रंगीत. माझ्या पोटाला शंभरापैकी ६१ गुण. सौ.च्या नावाच्या, पण माझ्याच पोटाला ५४. वरची आठ-दहा जिवाणूंची नावं दोन्हीकडे जवळपास सारखी, फक्त प्रमाणं हललेली; ते एक वेळ समजण्यासारखं आहे, कारण चमचा कुठे बुडवला त्यावर थोडाफार फरक पडतो. पण मग सात गुणांचा फरक काहीच सांगत नाही, हे तरी छापा. उलट ५४ वाल्या अहवालात ‘आपल्या वयाच्या महिलांसाठी’ म्हणून तीन महिन्यांच्या पुडीची शिफारस आहे आणि ६१ वाल्याला दुसरीच पूड. माल एक, पुड्या दोन.

ही तपासणी करते काय, ते आधी सांगतो. १६ एस नावाचा एक जनुक झाडून सगळ्या जिवाणूंत असतो, काही भाग सगळ्यांत सारखा, काही जातीगणिक वेगळा. तो वाचला की कोण कोण हजर आहे ते कळतं. तंत्र खरं आहे, प्रतिष्ठित आहे. याच रेणूवरून कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये आर्किया हा जिवांचा वेगळा गट दाखवून दिला होता. पण ही हजेरी झाली. २०१२ च्या पशुगणनेत मी घरोघर फिरलोय. तालुक्यात संकरित गाई इतक्या, गावठी इतक्या, म्हशी इतक्या हे मला पाठ होतं. त्यावरून सकाळी संघाच्या टँकरमध्ये दूध किती पडणार हे मात्र कधीच सांगता आलं नाही. कोणती गाय भाकड, कुणाला वैरण नाही, कोण दूध घरीच ठेवतो, ते गणनेत येत नाही. या अहवालाचं तेच. जिवाणूंची शिरगणती आहे, दुधाचा हिशेब नाही.

आणि तरी अहवाल दुधाच्या हिशेबाच्या थाटात बोलतो. प्रिव्होटेला नावाचा जिवाणू माझ्यात जास्त, म्हणून लाल खूण. आता, धान्य-कडधान्य खाणाऱ्या भारतीयांत प्रिव्होटेला भरपूर असतो हे आपल्याच देशातल्या कामातून पुढे आलेलं आहे. भोपाळ आणि केरळ मिळून ११० माणसांची पाहणी २०१९ मध्ये छापून आली. त्यात भोपाळकडच्या लोकांत प्रिव्होटेलाचं वर्चस्व होतं. मी सकाळी बाजरीची भाकरी आणि रविवारी मटकीची मिसळ खाणारा माणूस. मला प्रिव्होटेला नसेल तर कुणाला असेल?

पण माझी मुख्य तक्रार ही नाही. मुख्य तक्रार पान ९ आणि पान २१ ची आहे.

पान ९ वर लाळेचा निकाल. लॅक्टेजचा, म्हणजे लॅक्टोज ही दुधातली साखर तोडणाऱ्या विकराचा जनुक, जागा उणे १३९१०, तिथली माझी डीएनएची अक्षरं सी/सी (एक आईकडून, एक वडिलांकडून). लाल खूण: ‘दूध पचत नाही, टाळा.’ पान २१ वर बिफिडोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू भरपूर, हिरवी खूण, ‘अभिनंदन, असेच चालू ठेवा.’ एकाच माणसाची ही दोन पानं, पण एकमेकांची तोंडओळखसुद्धा नाही. वास्तविक पान २१ चं कारण पान ९ वर पडलेलं आहे.

कोणतंही सस्तन प्राण्याचं पिल्लू घ्या. पितं असतं तोवर आतड्यात लॅक्टेज भरपूर, दूध तुटलं की कमी कमी होत जातं. जनुक कुठे जात नाही. अक्षर न अक्षर जागेवर असतं, फक्त वाचलं जात नाही. माणसांत काही जणांचं आयुष्यभर चालू राहतं, आणि त्याचं कारण गंमत म्हणजे लॅक्टेजच्या जनुकात नाहीच. ते आहे शेजारच्या एमसीएम ६ नावाच्या जनुकाच्या पोटात, जवळजवळ चौदा हजार अक्षरं अलीकडे. तिथे सी च्या जागी टी असला की लॅक्टेजची कळ (स्विच) चालू राहते. २००२ मध्ये फिनलंडच्या कुटुंबांवर काम करताना हे सापडलं. भारतात दूध पचवणाऱ्यांत बहुतेक करून तोच टी आहे, वायव्येकडे जास्त. सी/सी असलेल्यांच्या त्या भागावर वयासोबत मिथाइल नावाच्या बारक्या रासायनिक गटाचे टिळे पडत जातात, आणि दुकान बंद होतं.

तर माझं दुकान बंद. पण मी लहानपणापासून रात्री कपभर दूध पितो आणि मला काही होत नाही. का? लहान आतड्यात न तुटलेली दुधाची साखर मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथे बिफिडो वाट बघत बसलेला असतो. त्याला ही साखर आयती. ज्यांची लॅक्टेजची कळ बंद आहे आणि तरी जे दूध घेतात, त्यांच्यात बिफिडो जास्त असतो, हे मोठ्या पाहण्यांत दिसून आलंय. रोज थोडं थोडं दूध घेणाऱ्याच्या जिवाणूंना त्या साखरेची सवयही होते, गॅस कमी धरतो. एका वेळी कपभर, म्हणजे साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, सी/सी वाल्या बहुतेकांना सोसतं. तांब्याभर निरसं दूध प्यायलं तर रात्री कळेल, ते सोडा.

म्हणजे माणसाच्या जनुकाची एक कळ बंद झाली आणि त्यामुळे जिवाणूंच्या एका जातीचं भाग्य उघडलं. अहवालातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही होती, आणि ती त्यांना स्वतःलाच दिसली नाही. उद्या पान ९ ऐकून मी दूध सोडलं, तर पान २१ वरची हिरवी खूण जाणार. मग बिफिडो वाढवायची पूड आहेच त्यांच्याकडे.

हे झालं जनुकाकडून जिवाणूकडे. उलट वाट पान १४ वर एका ओळीत उरकलीय: ‘ब्युटिरेट बनवणारे: मध्यम.’ खाली बारीक अक्षरात ‘आतड्याच्या अस्तराचे अन्न’. बस. या एका ओळीवर मी तासभर बोलू शकतो, कारण ब्युटिरेट (न पचलेलं अन्न खाऊन जिवाणू जी आम्लं सोडतात, त्यांतलं एक) मी हाताने चाचपलेलं आहे.

येवल्याला असताना दोन वासरं एकाच आठवड्यात पोस्टमार्टमला आली, दोन्ही साधारण अडीच महिन्यांची. एक नुसत्या दुधावर ठेवलेलं. दुसऱ्याला दुसऱ्या आठवड्यापासून मूठमूठ भरडा मिळालेला. पहिल्याचं कोटीपोट (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला कप्पा) उघडलं तर आतून पातळ, फिकट, गुळगुळीत, प्लॅस्टिकच्या पिशवीसारखं. दुसऱ्याचं आतून काळपट, आणि त्यावर बोटांना लागणारे दाट काटे, टर्किश टॉवेलसारखे. शेतकऱ्याला वाटतं चाऱ्याने खरवडून ते काटे येतात. आम्हालाही आधी तसंच वाटायचं. पण १९५० च्या दशकातच अमेरिकेत हे तपासून झालंय: वासराच्या कोटीपोटात नुसते स्पंज टाकून बघितले, काटे आले नाहीत. ब्युटिरेट आणि प्रोपिओनेट सोडलं, तेव्हा आले. भरडा जिवाणू खातात, जिवाणू आम्लं सोडतात, आणि त्या आम्लांच्या सांगण्यावरून वासराच्या पेशी वाढायला लागतात. अस्तर वासराचं, हुकूम जिवाणूंचा.

हुकूम पोचतो कसा, त्यातली एक वाट आता चांगली माहीत आहे. आपल्या एकेका पेशीत डीएनएचा धागा जवळजवळ २ मीटर असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला. येवल्यात पैठणीवाल्यांकडे रेशीम कांडीवर भरलेलं असतं, ते डोळ्यांपुढे आणा. गुंडा घट्ट बसला तर धागा हाती लागत नाही. हिस्टोनवर अ‍ॅसिटिलचा बारका गट चिकटला की पकड सैल होते आणि तिथला जनुक वाचता येतो. एचडॅक नावाची विकरं तो गट उपटून काढतात, पकड पुन्हा आवळते. ब्युटिरेट या एचडॅकचा हात धरून ठेवतं. पेशींवर ब्युटिरेट घातलं की हिस्टोनवर अ‍ॅसिटिल साचतं, हे १९७० च्या दशकापासून ठाऊक आहे. तेव्हा ते प्रयोगशाळेतलं रसायन होतं. ते आपल्याच पोटात दिवसरात्र तयार होतंय, याकडे नीट लक्ष जायला पुढे बरीच वर्षं लागली.

मोठ्या आतड्याच्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटवर भागवतात. जन्मापासून एकही जिवाणू न लागू दिलेल्या उंदरांत या पेशी उपाशी पडतात, स्वतःचेच तुकडे पचवायला लागतात. ब्युटिरेट दिलं की सावरतात. हा प्रयोग २०११ चा. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनच्या विद्यापीठातून आणखी पुढचं आलं: जिवाणू असलेल्या आणि नसलेल्या उंदरांच्या हिस्टोनवरच्या खुणा फक्त आतड्यातच नाही, यकृतात आणि चरबीतही वेगळ्या निघाल्या. तूपसाखरेचं, चोथा नसलेलं खाणं दिलं तर जिवाणू असूनही हा फरक बराचसा पुसला गेला. आणि जिवाणू नसलेल्या उंदरांना नुसती ती तीन आम्लं दिली, अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट, तर बराचसा परिणाम परत आला. उंदराचं बैलाला लावू नये हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, माणसाला तर नाहीच. तरी दिशा दिसते. जिवाणूंचं नाव काय यापेक्षा त्यांना खायला काय मिळतं आणि ते सोडतात काय, यावर गाडी चालते. नेमकं तेच या किटमध्ये मोजलेलं नाही. ब्युटिरेट बनवू शकणारे हजर आहेत म्हणजे ब्युटिरेट बनतंय, हे गृहीत धरलंय. गोठ्यात गाय आहे म्हणजे बादलीत दूध आहे.

एक गोष्ट मात्र मी बत्तीस वर्षांत ऐकली नव्हती, ती या अहवालाच्या निमित्ताने वाचताना सापडली. आतड्याच्या पेशी मायक्रोआरएनए नावाच्या बारीक चिठ्ठ्या विष्ठेत सोडतात. या चिठ्ठ्या एरवी पेशीच्या आत जनुकांचे निरोप दाबायला वापरतात. बोस्टनच्या एका गटाने २०१६ मध्ये दाखवलं की त्या जिवाणूंच्या आत शिरतात आणि त्यांच्या जनुकांच्या कामात ढवळाढवळ करतात. ज्या उंदरांच्या आतड्यांना या चिठ्ठ्या बनवताच येत नव्हत्या, त्यांचे जिवाणू बिघडलेले होते. धडधाकट उंदरांच्या लेंड्यांतल्या चिठ्ठ्या त्यांना दिल्यावर घडी बसली. म्हणजे मी इतकी वर्षं जे बोटांत चोळून बघत होतो, त्यात जनावराने स्वतःच्या जिवाणूंना धाडलेला पत्रव्यवहार होता. आणि मी त्यात जंताची अंडी शोधत होतो.

अहवालासोबत अर्धा तास तज्ज्ञाशी बोलणं फुकट असतं. फोनवर एक तरुण मुलगी, बोलायला फार गोड, हिंदीतून. मी विचारलं, “मॅडम, ही नॉर्मलची पट्टी कुणाची? कुठल्या लोकांची?” “सर, वो हमारा डेटाबेस है.” किती माणसं, कुठली, काय खाणारी, यावर “मैं टीम से पूछकर बताती हूँ.” अजून विचारतायत. पान ९ आणि पान २१ चं सांगितलं तेव्हा मात्र ती दोन क्षण गप्प झाली आणि म्हणाली, “सर, ये तो मैंने कभी साथ में देखा ही नहीं.” तिच्यावर राग नाही. तिच्या पडद्यावर ती पानं वेगळ्या खिडक्यांत उघडत असणार. तिने माझ्या मागणीवरून जिवाणूंच्या वाचनाची मूळ फाइल दुसऱ्या दिवशी मेलवर पाठवली, एक रुपया न घेता. हे मोठं काम झालं. त्याबद्दल कंपनीला पूर्ण गुण.

तुमचे जनुकच तुमचं पोट ठरवतात, या अर्थाची ओळ त्यांच्या जाहिरातीत आहे. तीही काढायला हवी. इस्रायलमधल्या १,०४६ निरोगी माणसांच्या २०१८ च्या पाहणीत जिवाणूंच्या फरकात जनुकांचा वाटा अगदी थोडा निघाला. एका छपराखाली राहणारे, नात्याचे नसले तरी, एकमेकांशी जास्त जुळले. लॅक्टेज-बिफिडो हे ठळक उदाहरण, पण तो नियम नव्हे. तसं बघितलं तर अडतीस वर्षांच्या संसारानंतर सौ.च्या नावाने माझा नमुना गेला ही अगदीच लबाडी नाही झाली.

पुड्या घेतल्या नाहीत. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात पेठकडच्या बाया बसतात, त्यांच्याकडून नागली आणली. रात्रीची उरलेली भाकरी सकाळी दह्यात. शिजून थंड झालेल्या पिठातला काही भाग लहान आतड्यात पचत नाही, तो खाली जिवाणूंच्या वाट्याला जातो. कच्चा कांदा आम्हाला लासलगावच्या जिल्ह्यात कुणी शिकवायला नको. त्यातलं फ्रुक्टनही तसंच खाली पोचतं. सुरुवातीचे आठ दिवस पोट गुरगुरलं, घरात बोलणी खाल्ली, मग बसलं. ब्युटिरेट वाढलं का? मोजायचं साधन माझ्याकडे नाही, आणि या कंपनीकडेही नाही.

घ्यावं का हे किट? पोटाचा आजार असेल तर आधी डॉक्टर, हा अहवाल निदान नाही. वजन, साखर, मन, झोप असल्या पानांवर फार वेळ घालवू नका. कुतूहल असेल, पैसे खुपणार नसतील, इंग्रजी वाचता येत असेल आणि घरात कमोड असेल तर घ्या. लाळेची तपासणी वेगळी घेऊ नका. दूध सोसतं की नाही हे कळायला रात्री पेलाभर पिऊन बघायचा खर्च तीस रुपये आहे. घेतलंच तर मूळ फाइल मागून ठेवा.

सौ.च्या नावाचं ॲप तिच्या फोनवर अजून आहे. काढायचं कसं ते सापडत नाही. रोज सकाळी सातला टिंग वाजतं आणि विचारतं, ‘आज तुमचं पोट कसं आहे?’ ती चहा ओतता ओतता फोन माझ्याकडे सरकवते. “अहो, तुमचं आहे, तुम्हीच सांगा त्याला.”